बेत राजहंसांचा, अपेक्षा बेताची

सावरगावचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेला पळस, एका काठावर आपण, दुसऱ्या काठावर पांढुर्णा आणि मधून उडणारे गोटे. तो गोटमारीचा दिवस सोडला तर आपले गाव तसे शांतच. त्यातही पौष महिना सगळ्यात शांत. आंबिया बहराची संत्री उतरत आलेली असतात, कपाशीची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. नाताळच्या सुट्टीत पुण्याची, नागपूरची, भोपाळची पोरे घरी येतात. दोन दिवस हुरडा आणि भरीत-भाकर खातात, आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, "इथे बघायला काय आहे?"

आता आपल्यातल्या बऱ्याच घरांतले कुणी ना कुणी अमेरिकेत असते. तिकडून घरच्या ग्रुपवर व्हिडिओ येतात. त्यात एखादा हिमहंसांच्या शिकारीचा असतो. कापलेल्या शेतावर बर्फ पडावा तसे पांढरे हंस उतरताहेत, एकदम हजारो उठताहेत, शिकारी शेतात आडवे पडून वाट बघताहेत. तो बघून आपली पोरे विचारतात, "आपल्याकडे असे हंस येतात का? आणि शिकार करता येते का?"

पहिल्याचे उत्तर हो, येतात. दुसऱ्याचे नाही. या दोन उत्तरांमधून एक चांगली दोन दिवसांची सहल निघते. मात्र निघण्याआधी मनातली चित्रे थोडी खाली उतरवून ठेवावी लागतात.

आधी शिकारीचे बोलू

आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला काही शिकारीला परवान्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. आज रानातल्या हंसावर बंदूक रोखणेच काय, त्याला फासा लावणे, पकडणे, त्याची अंडी उचलणे हासुद्धा गुन्हा आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात असे नव्हते. त्या पिढीकडून शिकारीच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्या काळात शिकार ही प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि आकडा हा तिचा मान होता. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार ठेवली होती. एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. आज तीच जागा केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि लोक दुर्बीण घेऊन तिथे जातात.

मग अमेरिकेत कशी चालते शिकार? तिकडचे गणित उलटे आहे. कापणीनंतर शेतांत पडून राहणारे धान्य खाऊन हिमहंसांची संख्या काही दशकांत कित्येक पटींनी वाढली. उन्हाळ्यात हे थवे उत्तरेला हडसन उपसागराच्या काठी जातात. तिथले गवत ते मुळासकट उपटून खातात. त्यामुळे मोठमोठे पट्टे उजाड झाले आणि तिथे गवत पुन्हा धरेना. म्हणून १९९९ साली अमेरिकेने या हंसांसाठी शिकारीचे नियम सैल केले. तिथे प्रश्न जास्त झाल्याचा आहे. आपल्याकडच्या राजहंसाचा तो प्रश्न नाही.

व्हिडिओत न दिसणारी एक गोष्ट पोरांना जरूर सांगा. तिकडचे शिकारी भल्या पहाटे अंधारात शेकडो बनावट हंस शेतात मांडतात, थंडीत तासन् तास पडून राहतात आणि पुष्कळदा थवा डोक्यावरून उंच निघून जातो. चार हिवाळे पाहिलेला हंस फसत नाही. दहा पहाटे रिकाम्या गेल्या की अकराव्या पहाटेचा व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो. हातात बंदूक असो की कॅमेरा, हंसांच्या वाटेला जाणाऱ्याला हे आधी कळलेले बरे.

आपल्याकडे येणारा हंस कोणता?

आपण विदर्भाच्या उंबऱ्यावरची माणसे. हंस म्हटले की आपल्याला दमयंती आठवणारच. विदर्भाच्या राजकन्येकडे नळाचा निरोप घेऊन आलेला तो हंस. राजा रविवर्म्याच्या चित्रात तो शुभ्र पांढरा, लांब मानेचा आहे. सरस्वतीजवळचाही तसाच. पोरांच्या डोक्यात तोच बसलेला असतो. तो पांढरा हंस आपल्या तळ्यांवर येत नाही.

येतो तो राखाडी रंगाचा. डोके पांढरे आणि त्यावर मागच्या बाजूने दोन काळे आडवे पट्टे. म्हणून पुस्तकात त्याला पट्टकादंब म्हणतात, बोलताना राजहंस. चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. वजन दोन-तीन किलो, म्हणजे बदकापेक्षा चांगलाच मोठा. आवाज नाकातून काढल्यासारखा, 'आंग-आंग'. पाण्याकाठी शांत उभा असला तर लांबून दगड वाटतो. एवढे वर्णन घरीच सांगून ठेवले तर तळ्यावर पोहोचल्यावर "हाच का तो?" असा उतरलेला स्वर ऐकावा लागत नाही.

तो येतो कुठून, हेही सांगा. मंगोलिया, तिबेट आणि आपल्या लडाखमधून. लडाखमधले त्सो मोरिरी सरोवर साडेचार हजार मीटरांच्या वर आहे. तिथे उन्हाळ्यात त्यांची पिल्ले होतात. थंडी सुरू झाली की सगळे कुटुंब हिमालय ओलांडून खाली येते. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी घातलेले राजहंस थेट कर्नाटकापर्यंत सापडले आहेत.

कुठे जायचे आणि केव्हा?

जाम नदीच्या पात्रात राजहंस शोधू नका. त्यांना उघडे, रुंद पाणी लागते. काठाला उतरता चिखल किंवा गवत लागते, आणि जवळच हिरवी शेते. गहू, हरभरा, लाखोळीचा कोवळा पाला हे त्यांचे खाणे. आपल्या भागात संत्र्याच्या बागा आणि खडकाळ ओढे जास्त. तेव्हा आपल्याला बाहेर पडावे लागणार.

पहिला पर्याय नागपूरच्या पलीकडे, उमरेडच्या बाजूचा. तिथल्या पारडगावच्या तलावावर हिवाळ्यात राजहंस येतात आणि नागपूरचे पक्षीमित्र तिथे नेहमी जातात. सावरगावहून सावनेरमार्गे नागपूर साधारण शंभर किलोमीटर, उमरेड त्याच्या पुढे. पहाटे तळ्यावर पोहोचायचे असेल तर घरून मध्यरात्रीनंतर निघावे लागेल. लहान पोरे आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर तसे करू नका. आदल्या संध्याकाळी नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करा. नागपुरात आपले नातेवाईक नाहीत असे घर सावरगावात सापडायचे नाही.

दुसरा पर्याय गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध. नागपूरहून आणखी अडीच-तीन तास. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांपैकी हा मोठा तलाव. मारुती चितमपल्ली यांनी वन खात्यातल्या नोकरीची बरीच वर्षे इथे काढली आणि इथल्या पक्ष्यांवर भरभरून लिहिले. राजहंस नाही दिसले तरी तलाव, जंगल आणि वाटेतली धानाची गावे बघून जीव रमतो. ज्यांना 'नाही दिसले तर काय' याची काळजी आहे, त्यांनी हाच पर्याय घ्यावा.

पेंचच्या तोतलाडोह जलाशयावरही हिवाळ्यात पाणपक्षी असतात. पण तिथे तुम्ही सफारीच्या जिप्सीत बसणार. बाकीच्या सगळ्यांना वाघ हवा असतो. तुमच्या हंसासाठी गाडी थांबेलच असे नाही.

ज्यांना हजारोंचे थवे बघायचेच आहेत त्यांनी कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात मागडीच्या तळ्यावर जावे. २०२४ साली त्या तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पैठणचा नाथसागर आणि भिगवणजवळचा उजनीचा जलाशय इथेही राजहंस येतात. पण ती दोन दिवसांत होणारी सहल नव्हे.

आता महिना. राजहंस ऑक्टोबरच्या शेवटापासून देशात उतरू लागतात. आपल्या बाजूला डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा भरवशाचा काळ. मार्चमध्ये ते परतीला लागतात. नाताळची सुट्टी आणि संक्रांत दोन्ही त्यात बसतात.

किती दिसतील, किती जवळून दिसतील?

इथेच बहुतेक सहली फसतात, म्हणून नीट वाचा.

मनात पंचवीसचा आकडा धरा आणि शून्याची तयारी ठेवा. मागच्या वर्षी होते म्हणून यंदा असतील असे नाही. पाऊस भरपूर झाला की सगळीकडे तळी भरलेली असतात, पक्षी पसरतात, आणि काठोकाठ भरलेल्या तळ्याला बसायला उघडा काठच राहत नाही. पाऊस बेताचा झाला तर उरलेल्या तळ्यांवर गर्दी होते. मधेच शेतीसाठी पाणी सोडले किंवा काठावर गडबड वाढली तर थवा रात्रीत दुसरीकडे जातो. त्याला परवानगी लागत नाही.

अंतराचे गणित सोपे आहे. थवा साधारण चारशे मीटरवर बसलेला आहे असे समजा. साध्या डोळ्यांना राखाडी ठिपके दिसतील. मोबाइलच्या फोटोत तेही दिसणार नाहीत. ८ बाय ४२ ची दुर्बीण वस्तू आठपट जवळ आणते, म्हणजे चारशे मीटरवरचा हंस पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो. डोक्यावरचे पट्टे मोजता येतात. म्हणून एका कुटुंबात एक दुर्बीण हवीच. विकत घ्यायची नसेल तर मित्राकडून मागा. दुर्बीण पोरांच्या गळ्यात आणि मोबाइल मोठ्यांच्या खिशात, अशी वाटणी केली तर सहल चांगली होते. आमच्याकडे एका भाचीने अर्धा तास दुर्बीण सोडली नाही. शेवटी ती म्हणाली, "एक जण जागा राहतो, बाकीचे झोपतात." तिचे म्हणणे खरे होते. थव्यात नेहमी कुणीतरी मान वर करून उभा असतो. ते कुठल्याही फोटोत कळले नसते.

आणखी एक. दिवसा राजहंस काही करत नाहीत. खाणे बहुतेक संध्याकाळी आणि रात्री, शेतांत. दुपारी ते पाण्याकाठी विसावतात, पिसे साफ करतात, एका पायावर झोपतात. दुपारी बारा वाजता पोहोचून "उडत का नाहीत?" म्हणणे हे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भरदुपारी उठवण्यासारखे आहे.

दोन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत नागपूर. संध्याकाळी लवकर जेवण आणि झोप. जानेवारीच्या सुरुवातीला इकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. त्याआधी अर्धा तास काठावर असायला हवे. तेव्हा थवे शेतांतून पाण्याकडे परततात. आधी आवाज येतो, मग आकाशात ओळ दिसते. हा सकाळचा पाऊण तास साधला तर बाकीचा दिवस नफ्यात.

उन्हे वर आली की दुर्बिणीने बाकीचे पाणी बघा. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी हमखास असतात. शेपटी टोकदार असलेली तलवार बदके, चोच पळीसारखी असलेले थापटे, केशरी रंगाचे चक्रवाक, काठावर शेपूट हलवणारे धोबी. लांबून आलेले पाहुणे यांतही पुष्कळ आहेत. पोरांना यादी करायला सांगा. पंधरा जाती झाल्या तर संत्र्याची बर्फी कबूल करा, म्हणजे राजहंस न दिसल्याची रुखरुख कमी होते.

दुपारी सावली धरा, डबा खा, झोपा. संध्याकाळी चारनंतर पुन्हा काठावर. अंधारायच्या सुमारास थवे शेतांकडे निघतात. ते बघून नागपूर, आणि जमले तर रात्री घर.

सोबत काय घ्यायचे? पहाटेची थंडी बोचरी असते. स्वेटर, कानटोपी आणि गडद किंवा मातकट रंगाचे कपडे. पांढरा, लाल नको. चटई, पाणी, भाकरी-ठेचा, संत्री. सालांसाठी एक पिशवी. आजी-आजोबा असतील तर घडीची खुर्ची. तळ्याकाठी स्वच्छतागृह नसते, हे घरातल्या बायकांना आधी सांगा आणि वाटेतल्या पंपावर किंवा धाब्यावर थांबायचे ठरवून घ्या. हा छोटा विषय नाही. याचा विचार न केल्यामुळे घरातल्या बाया पुढच्या वेळी यायला नको म्हणतात.

काठावरचे वागणे

तळे मोकळे दिसले तरी ते कुणाचे तरी असते. काठावर ढीवरांची मासेमारी असते, शिंगाड्याची शेती असते, लागून कुणाचा गहू-हरभरा उभा असतो. आधी रामराम घाला, मग विचारा. "भाऊ, हंस कोणत्या अंगाला बसतात?" एवढे विचारले की माणूस स्वतः दाखवायला येतो. आणि कधी तो चिडलेलाही असतो, कारण रात्री थवा त्याच्या हरभऱ्यात उतरलेला असतो. आपण ज्याला बघायला शंभर-दीडशे किलोमीटर आलो, तो त्याचे पीक खाऊन गेलेला असतो. आपण शेतकऱ्यांच्या घरातली माणसे. त्याचे ऐकून घ्या, धुऱ्यावरून चाला, पिकात पाय घालू नका.

हंसांशी वागायचा नियम एकच. तुम्ही जवळ जाताना त्यांनी खाणे-झोपणे सोडून माना वर केल्या की तिथेच थांबा. आणखी पाऊल टाकाल तर थवा उठेल. थवा उठण्याचे दृश्य मोठे सुंदर असते हे खरे. पण त्या पक्ष्याला मार्चमध्ये पुन्हा हिमालय चढायचा आहे, आणि त्यासाठी लागणारी चरबी तो याच काठावर साठवतो. आपल्या एका रीलसाठी त्याने ती खर्च का करावी? ड्रोन आणू नका, हॉर्न वाजवू नका, टाळ्या वाजवू नका. दर रविवारी कुणी ना कुणी थवा उठवत राहिले तर पुढच्या वर्षी तो दुसरे तळे शोधतो. मग तुमची पोरे मोठी होऊन त्यांच्या पोरांना घेऊन येतील तेव्हा दाखवायला काठ असेल, हंस नसतील.

एव्हरेस्टची गोष्ट

राजहंस एव्हरेस्टच्या शिखरावरून उडतात, असे तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असेल. संशोधकांनी त्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून मोजले. नोंदला गेलेला सर्वांत उंच आकडा ७,२९० मीटर. बहुतेक प्रवास त्याहून बराच खाली. ते शिखरांवरून जात नाहीत, खिंडी शोधतात, जमिनीच्या चढ-उताराला धरून वर-खाली होत जातात. पुष्कळदा रात्री आणि पहाटे उडतात, कारण तेव्हा हवा गार आणि दाट असते, पंखांना आधार मिळतो. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट पकडते.

म्हणजे ऐकलेल्या गोष्टीपेक्षा आकडा लहान निघाला. पण पोरांना दोन्ही सांगून बघा. शिखरावरून उडाला म्हटले की ती "वॉव" म्हणतात आणि विसरतात. तो डोंगर उगाच चढत नाही, सोपी वाट शोधतो, गार वेळ साधतो, हे सांगितले की ती प्रश्न विचारू लागतात. "त्याला वाट कोण दाखवते?" "पिल्लू दमले तर?" आपल्या सहलीलाही हेच लागू आहे. हजारोंच्या थव्याची आशा खाली ठेवली की समोरचे पंचवीस नीट दिसू लागतात.

घरी परतल्यावर एक काम करा. कोणत्या तळ्यावर, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणते पक्षी किती दिसले, याची यादी पोरांकडून ई-बर्डवर भरून घ्या. ते विनामूल्य आहे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यातही जवळच्या पक्षीमित्रांबरोबर भाग घेता येतो. आणि एकही राजहंस दिसला नसेल तर वाईट वाटून यादी भरायची टाळू नका. बाकीचे वारकरी, धोबी, चक्रवाक सगळे लिहा. पूर्ण यादीत राजहंस नसणे हीसुद्धा नोंद असते. त्या दिवशी त्या तळ्यावर ते नव्हते, हे कुणीतरी जाऊन, थंडीत उभे राहून बघितल्याशिवाय कळत नाही.